मुलाचं डोळे मिचकावणं शाळेत कमी आणि घरी जास्त असतं. तो मुद्दाम करतो का?

मुद्दाम अजिबात नाही, आणि कृपया त्याला तसं म्हणूही नका. अशा अचानक, आपसूक पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींना टिक्स म्हणतात. वर्षभराहून जास्त टिकलेल्या टिक्स परिस्थितीनुसार कमी-जास्त होतातच. शाळेत मूल त्या कसंबसं दाबून धरतं, घरी मोकळं होतं. जरा मोठ्या मुलांना टिक यायच्या आधी आत काहीतरी जाणवतं: डोळ्यात खुपल्यासारखं, मानेत अवघडल्यासारखं. झटका दिला की क्षणभर बरं वाटतं. म्हणूनच "थांबव ते" म्हटलं की लक्ष उलट तिकडेच जातं.

माझा भाचा टीव्हीसमोर सारखी मान उडवायचा, तबल्यावर बसला की मात्र तासभर मान स्थिर! पाहुण्यांसमोर आजी "बघा, कसा करतो" म्हणाली की लगेच सुरू. परीक्षा, जागरण, अगदी सहलीच्या आनंदानेसुद्धा टिक्स वाढतात.

आठवडाभर वहीत लिहा: कधी, कुठे, आधी काय झालं, नंतर कोण काय बोललं. ती वही मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वर्तनोपचारात याच नोंदींवरून घरातल्या गोष्टी बदलतात आणि टिकला अडवणारी दुसरी हालचाल शिकवतात. बहुतेक मुलांत टिक्सचा जोर 10 ते 12 वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो, पुढे ओसरत जातो.