क्रिएटिन जिमच्या आधी की नंतर?

प्रश्न: ताई, मी कर्वेनगरला राहतो, वय 26, पूर्ण शाकाहारी. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहाला वेट ट्रेनिंग करतो आणि तिथून हिंजवडीची बस पकडतो. ट्रेनर म्हणतात क्रिएटिन (व्यायामात ताकद टिकावी म्हणून घेतात ती पावडर) बरोब्बर अर्धा तास आधी घे नाहीतर वाया जातं, मित्र म्हणतो नंतरच घ्यायचं. जिम नसेल त्या दिवशी मी घेतच नाही. 3 ग्रॅमचा एक स्कूप घेतो, तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही. नक्की कधी घेऊ?

उत्तर: अरे, वेळेचं सोड, तू सुट्टीच्या दिवशी जे बंद ठेवतोस ना तिथे घोळ आहे. क्रिएटिन म्हणजे कॉफी नाही, की प्यायली आणि अर्ध्या तासात तरतरी आली. आपल्याकडे सकाळी नळाला पाणी आलं की वरची टाकी भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो, तसंच हे, आज घेतलेलं आजच्या स्क्वॉटला कामाला येत नाही, स्नायूंमधला साठा हळूहळू भरतो आणि मग सेटच्या शेवटच्या दोन रेप्सना, जिथे पाय थरथरायला लागतात तिथे, तो उपयोगी पडतो. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर टाकी भरायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. आता तुझा हिशोब बघ, आठवड्याला 12 ग्रॅम, रोज घेतलं असतंस तर 21. आणि शरीर रोज एक ते दोन ग्रॅम बाहेर टाकतंच, त्यातलं साधारण निम्मं स्वतः बनवतं, बाकीचं मटण-मासे खाणाऱ्यांना जेवणातून मिळतं, तुला जवळजवळ नाहीच. पण त्यामुळेच शाकाहारी लोकांना याचा फरक बरेचदा जास्त जाणवतो, म्हणून तू अर्धवट सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं.

आधी की नंतर यावर अभ्यास झालेत, काहींत नंतर घेतल्याचा किंचित फायदा दिसला, काहींत काहीच नाही. त्यासाठी जीव टांगणीला लावायची गरज नाही. तू व्यायामानंतर नाश्ता करतोस ना, पोहे-उपमा जे असेल ते, त्याच्यासोबत घे, खाण्याबरोबर घेतलं तर ते स्नायूंत जरा जास्त जाऊही शकतं. सुट्टीच्या दिवशीही त्याच नाश्त्याला. चतुर्थीचा उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीबरोबर चालेल.

लोडिंग म्हणजे 5-7 दिवस रोज 20 ग्रॅम, चार वेळा विभागून. टाकी लवकर भरते एवढंच, पण बऱ्याच जणांचं पोट बिघडतं आणि तुला तर बसमध्ये तासभर बसायचंय, मी तरी नाही सांगणार.

स्कूप डोंगरासारखा भरू नकोस, वरून सपाट कर. गार पाण्यात तळाला रवाळ थर राहतो आणि लोक तो तसाच बेसिनमध्ये ओततात, कोमट पाणी घे, ढवळ, आणि उरलं तर अजून दोन घोट पाणी घालून पिऊन टाक. साधं मोनोहायड्रेटच घे, म्हणजे क्रिएटिनचा नेहमीचा प्रकार, महागडे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत वजन किलोभर वाढू शकतं, ते स्नायूंतलं पाणी असतं, चरबी नाही.

आणि हे विसरू नकोस, किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नकोस. ऑफिसच्या चेकअपला रक्त देताना क्रिएटिन चालू आहे हे आधीच सांग, कारण रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते बघायला रक्तात मोजतात तो घटक) थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि घरी आई उगाच घाबरेल.