तीन वर्षं, दोन महिने, अकरा दिवस

प्रिय पोरी,

तुझं पत्र आलं, कबरींचे फोटोही पाहिले. चांगलेत, पण बहुतेक सगळे तू उभ्याने काढलेस हे लगेच कळतं. मुलांच्या कबरी बुटक्या असतात. तिथे खाली बसावं लागतं.

मी पहिल्यांदा बसले ती नाइलाजाने. संगमरवरावर कोरलेलं कोकरू पावसाने झिजून साबणाच्या वडीसारखं झालं होतं. ना नाक, ना कान. खालची अक्षरंही दिसेनात. पर्समधला आरसा काढला आणि उन्हाची तिरीप बाजूने दगडावर पाडली. अक्षरांच्या कडांना सावली धरली आणि नावाच्या आधी वयच उमटलं : तीन वर्षं, दोन महिने, अकरा दिवस. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या कबरींवर वय असं दिवसांपर्यंत कोरलेलं सर्रास सापडतं, मोठ्यांच्यासुद्धा. पण सत्तरीच्या माणसाचे वरचे अकरा दिवस कोण बघतं? इथे तेही कुणीतरी मोजून ठेवले होते.

तेव्हा आरसा जवळ ठेव. अक्षरं उठावीत म्हणून लोक शेव्हिंग क्रीम फासतात, तारेच्या ब्रशने घासतात, तसलं काही करू नकोस. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीचाच भाऊबंद. आम्लाने विरघळतो, घासला की भुगा होतो. कागद ठेवून खडूने ठसा घेण्याचा मोहसुद्धा आवर, पोपडे सुटलेला दगड तेवढ्यानेही जातो.

अमेरिकेतल्या सव्हाना शहरातल्या बोनाव्हेंचर दफनभूमीतल्या ग्रेसीबद्दल तू विचारलंस. ग्रेसी वॉटसन 1889 मध्ये न्यूमोनियाने गेली, सहा वर्षांची होती. वडील हॉटेलचे व्यवस्थापक. जॉन वॉल्झने फोटोवरून तिचा पुतळा घडवला. तिचा हात एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर आहे. अर्ध्यावर तुटलेलं आयुष्य दाखवायची ती त्या काळची सांकेतिक भाषा. पुढे आईवडील ते शहर सोडून गेले. आता लोक तिथे खेळणी ठेवतात आणि ती हलवली तर पुतळा रडतो म्हणे! या भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी राग येतो. मुलगी खरी होती, तिला पुन्हा गोष्टीतली कशाला करायची?

अमेरिकेतल्याच नॅचेझ गावची गोष्ट ऐकायला याहून अविश्वसनीय वाटेल, पण तिथे पायऱ्या खरोखर आहेत. फ्लॉरेन्स फोर्ड 1871 मध्ये गेली, दहा वर्षांची. तिला वादळाची भीती वाटायची. आईने कबरीच्या उशाशी जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या बांधून घेतल्या आणि खाली शवपेटीजवळ काचेची खिडकी ठेवली. वादळ आलं की आई खाली जाऊन बसायची. खिडकी नंतर बुजवली, पायऱ्या राहिल्या. वरच्या शिळेकडे बघून तुला हे कळणार नाही. मागच्या बाजूला जायला हवं.

आणि कधी बेल्जियमला गेलीस तर व्लाड्स्लोच्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत जा. जर्मन शिल्पकार केटे कोलवित्झचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये लढाईत पडला, अठरा वर्षांचा. तिने त्याच्या स्मारकाची कल्पना केली तेव्हा मध्ये तो आडवा होता, आईवडील त्याच्या उशा-पायथ्याशी. काम मध्येच सोडलं, पुन्हा हाती घेतलं. 1932 मध्ये शिल्प उभं राहिलं तेव्हा त्यातून मुलगा नाहीसा झाला होता. उरले गुडघ्यांवर बसलेले दोघे, दोन वेगळ्या चौथऱ्यांवर. वडिलांनी स्वतःलाच घट्ट मिठी मारली आहे, आई वाकली आहे. एकमेकांना आधार द्यायलाही ते सरकत नाहीत. स्मारकं पाहायला शिकायचंय ना? मग काय कोरलंय त्याइतकंच काय काढून टाकलंय तेही शोध.

नव्या कबरींच्या बाजूला मात्र जपून. एकदा एका कबरीवर खेळण्यातली लाल गाडी उलटी पडलेली दिसली. मी सहज उचलून सरळ ठेवली. मागे एक गृहस्थ उभे होते, मला दिसलेच नव्हते. ते पुढे आले, वाकले आणि काही न बोलता त्यांनी ती पुन्हा उलटी ठेवली.

तुझी,
मावशी