अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्टमध्ये दोघींचे वीसपैकी बारा बरोबर, तरी माझे गुण कमी कसे?

अशा टेस्टमध्ये किती प्रश्न बरोबर आले यापेक्षा किती अवघड प्रश्न बरोबर आले हे मोजलं जातं, म्हणून गुण वेगळे येतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. एकीचे बारा साध्या डेरिव्हेटिव्हचे असतील, दुसरीचे त्याहून अवघड अशा पार्शल डेरिव्हेटिव्हचे. प्रश्नाची काठिण्यपातळी आधी तो सोडवलेल्या मुलांच्या उत्तरांवरून ठरते; या हिशोबाला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा अशीच चालते. परदेशात पुढच्या शिक्षणासाठी देतात ती जीआरई मात्र २०११ पासून प्रश्नागणिक नाही, सेक्शनागणिक बदलते.

यवतमाळ जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो, त्यावरून एक सांगतो: चूक का झाली हे सॉफ्टवेअरला कळत नाही. मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी ‘स्लोप’ शब्दावर अडली होती. फळ्यावर ‘रेषेचा चढ’ लिहिलं आणि तिने लगेच उत्तर सांगितलं. तोवर टेस्टने तिला सोप्या प्रश्नांवर उतरवलं होतं. हे माझ्या मनाला फार लागतं. तेव्हा गणित अडलं की इंग्रजी, हे आधी तपासा आणि चुकलेले प्रश्न सरांना नक्की दाखवा.