पोरगी वेळेवर घरी आली, ही तक्रार कशी काय?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही अगदी शेवटी विचारलाय, की लेकीला परत अमेरिकेला पाठवायला आता कुठला कोर्स करायला लावू. पण त्याच्या आधीचं जे लिहिलंय ना, माझं मन तिथेच अडकलं, म्हणून आधी त्यावरच बोलते.

लेक मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली, उन्हाळ्यात अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या समर कॅम्पवर व्हॉलंटियर म्हणून गेली, ऑगस्टमध्ये कॅम्प संपल्यावर गणपतीच्या आधी गुहागरला घरी आली. आणि तुम्ही लिहिताय की निघायच्या आदल्या रात्री तुम्ही तिला फोन करून सांगितलंत, विमानात बसू नको, न्यू जर्सीला ओळखीतले एक जण आहेत त्यांच्याकडे जा, पुढचं आम्ही बघतो. दादा, हे वाचून खरंच धस्स झालं. परक्या देशात एकटी असलेली बावीस वर्षांची पोर, आणि तिला नियम मोडून राहायला तिचा बापच सांगतोय! शहाणी म्हणून तिने ऐकलं नाही.

गणपतीत आरतीला जमलेले चाकरमानी विचारत होते, "काय गो, अमेरिका सोडून आलीस पण?" आणि तुम्हाला मान खाली घालावी लागली म्हणता. कशासाठी? रिझर्वेशन नाही मिळालं म्हणून पोरगी पनवेलपासून चिपळूणपर्यंत जनरलच्या डब्यात दाराशी उभं राहून आली, तिथून एसटीने घर गाठलं, हेही तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंय. त्याच गाडीत उभे राहून आलेल्या बाकीच्या पोरांना कोणी विचारलं का, परत कशाला आलात म्हणून? त्यांचं कौतुक आणि हिची चौकशी, हे मला नाही पटत. तिने तुमची मान खाली घालण्यासारखं काही केलेलं नाही.

आता तुम्ही गाठलेल्या एजंटचं. तो म्हणतो, परत पाठवतो, एकदा पोचली की कॅम्पचा व्हिसा आतल्या आत नोकरीच्या व्हिसात कन्व्हर्ट करून देतो. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे म्हणून नीट सांगते. कॅम्प काउन्सेलर म्हणून जे जातात ते जे-१ व्हिसावर जातात, वय १८ पूर्ण लागतं, अमेरिकन सरकारने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते, मग मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. काम जास्तीत जास्त ४ महिने. प्रोग्रॅम संपल्यावर आवराआवर करायला, हिंडायला-फिरायला ३० दिवस मिळतात, त्यात काम करता येत नाही, आणि मग घरी यायचं. नोकरीच्या व्हिसासाठी तिथली कंपनी लागते, शिकायला जायचं तर कॉलेजची अॅडमिशन, कॉलेजने दिलेला आय-२० फॉर्म आणि खर्चाचे पुरावे लागतात, ते सगळं वेगळं प्रकरण आहे आणि एजंटच्या हातात त्यातलं काहीच नाही. उलट मुदत संपूनही राहिली असती तर ते कायमचं मागे लागलं असतं, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात विचारतात की व्हिसाचे नियम कधी मोडलेत का. आज तिचं उत्तर स्वच्छ "नाही" आहे. उद्या खरंच शिकायला जावंसं वाटलं तर हेच तिच्या कामी येईल.

आणि तुमचं ते वाक्य, "एका मुलाला आठवडाभर बूट घालायला शिकवत होती, याला काय करिअर म्हणायचं?" दादा, इथे मी थांबले. तुम्हीच पुढे लिहिलंय की नऊ वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा होता, बूट दिसले की किंचाळायचा, तर हिने पाच कार्डांवर चित्रं काढली, पायमोजा, पाय आत, टाच खाली, वेल्क्रोची पट्टी, उभं राहा, आणि रोज एकेक कार्ड वाढवत नेलं. मोठं काम असं बारीक बारीक पायऱ्यांत तोडणं आणि चित्रांनी पुढची पायरी दाखवणं, हे स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या कोर्समध्ये रीतसर शिकवतात, पायऱ्यांत तोडण्याला टास्क अॅनालिसिस म्हणतात. ही ते तिथल्या सीनियरकडून बघून शिकली आणि स्वतः करून आली, आणि घरी येऊन उत्साहाने सांगायला लागली तर तुम्ही म्हणालात, आयाचं काम करून आलीस. तिला किती लागलं असेल? पत्राच्या खाली तिने पेनने एवढंच लिहिलंय, "मला हेच शिकायचंय." तुम्ही ते वाचून पत्र पाठवलंत की न वाचता, मला माहीत नाही.

म्हणून माझं उत्तर, अमेरिकेसाठी कुठलाच कोर्स नको. तिने बी.एड. स्पेशल एज्युकेशन करावं, दोन वर्षांचं. राज्याच्या सीईटी सेलची बी.एड. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यायची, मार्क तिचे पुरेसे आहेत. कॉलेज निवडताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, कोर्सला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता हवी, कारण नंतर तिथे नाव नोंदवल्याशिवाय या क्षेत्रात काम करता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, आणि सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. पदं भरायला सरकार वेळ लावतं, सुरुवातीला कंत्राटी कामच मिळण्याची शक्यता जास्त आणि पगार तुम्हाला कमी वाटेल, हे मी लपवत नाही. पण आपल्या वाड्यावाड्यांत घरी बसून असलेली मुलं तुम्हालाही माहीत आहेत की! त्यांच्या आईबापांना चिपळूण-रत्नागिरीच्या खेपा घालाव्या लागतात, जवळ कोणी शिकलेलं माणूस नाही म्हणून.

दोन कामं मात्र लगेच करा. कॅम्पच्या डायरेक्टरला तिला या आठवड्यातच मेल करू द्या, अनुभवाचं पत्र मागून घेऊ दे, त्यात कुठल्या मुलांसोबत काय काम केलं ते नीट लिहून मागायला सांगा. आणि एजंटला ५० हजार दिलेत, पासपोर्टही त्याच्याकडेच ठेवलाय म्हणता, तर उद्याच जाऊन आधी पासपोर्ट ताब्यात घ्या, मग पैशांचं लेखी मागा. जाताना लेकीला सोबत न्या, कॅम्पचे सगळे कागद तिने स्वतः भरलेत, तो काय थापा मारतोय ते तिला तिथल्या तिथे कळेल.