पेन्सिलीत पळतो, शाईत थिजतो

प्रश्न : काका, मी कळव्याचा, कॉलेजात शिकतो. मंडळाच्या अंकासाठी कबड्डीतला चढाई करणारा खेळाडू काढतोय. रफमध्ये तो झेपावतो, शाई लावली की पुतळा होतो. सहा वेळा काढून झाला. रफचा आणि शाईच्या चित्राचा फोटो जोडलाय. चुकतंय कुठे?

उत्तर : दोन्ही पाठवलेस ते बरं केलंस. रफमध्ये एकेका मांडीला तुझ्या चार-पाच रेषा आहेत. त्या गर्दीलाच डोळा हालचाल समजतो. शाई लावताना तू त्यांतली मधली, सगळ्यात भित्री रेषा निवडलीस आणि गिरवलीस. गिरवलेली रेषा कचरत जाते, आणि ते कागदावर दिसतं.

पण खरी चूक त्याआधीची. बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकताना मागचा पाय हवेत नसेल तर गुण मिळत नाही. तुझ्या गड्याचे दोन्ही तळवे मातीला चिकटलेत! पाय उचल. तोल जाईल, जाऊ दे. मानेच्या खळगीतून ओळंबा सोडून बघ: तो टेकलेल्या पावलावर पडला तर माणूस नुसता उभा, पावलाच्या पुढे पडला तर त्याला पडावं तरी लागेल नाहीतर पळावं तरी. खोटं वाटत असेल तर सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर थांब. लोकल पकडणाऱ्यांचे खांदे आधी पळतात, पाय मागून येतात.

म्हणून आधी अंगठ्याएवढी दहा रफं काढ. प्रत्येकात मागच्या टाचेपासून पुढच्या बोटांपर्यंत एकच वळण, नाक-डोळे नकोत. सगळ्यात वाकडं वाटेल ते निवड (आपला हात सवयीने चित्र सरळ करतोच). ते मोठं काढ, वर चांगला कागद ठेवून खिडकीच्या काचेवर पुसट उतरव.

आता शाई. नवी निब आधी साबणाने धू. तिच्यावर तेलाचा थर असतो, शाई धरत नाही. निब स्वतःकडे ओढायची. ढकललीस तर टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. त्यापेक्षा कागद फिरव. सुरुवात डोळ्यांपासून करू नकोस, सगळे तिथेच अडकतात. आधी पाठ आणि उचललेला पाय, खांद्यातून हात फिरवून, एका दमात. पेन्सिलीची रेषा थोडी सुटली तरी चालेल. टेकलेल्या पावलाखाली रेषा जाड, लांबवलेल्या बोटांकडे बारीक, जमल्यास तुटकही. बनियनच्या चुण्या खांद्याकडून ताणल्या जातील तेवढ्याच; बाकीच्या गाळ.

खोडरबर दुसऱ्या दिवशी. एका जुलैत मी तासभर थांबून फिरवला, तर दमट कागदावरची शाई ओलीच होती आणि नायकाच्या तोंडावर ढग पसरला. चित्र त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. मी त्याला दाढी काढून दिली.

सातवा पाठव.