किपलिंग शिकला ती इंग्लंडमधली शाळा अजून चालू आहे का?

नाही. मुंबईत जन्मलेला इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग १८७८ ते १८८२ ज्या ‘युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज’मध्ये शिकला, ती शाळा बंद झाली आहे; तिचा वारसा आता हर्टफर्डशरमधल्या हेलीबरी या शाळेकडे आहे. लष्करी अधिकाऱ्यांनी १८७४ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर, वेस्टवर्ड हो! गावात ती काढली (हो, गावाच्या नावातच उद्गारचिन्ह आहे). बड्या शाळांची फी न परवडणाऱ्या अधिकाऱ्यांची मुलं कमी खर्चात सैन्याच्या परीक्षेला बसावीत, एवढाच हेतू. इमारतही खास बांधलेली नव्हती, समुद्राकडे तोंड केलेली बारा घरांची एक चाळवजा रांग, बस्स. ती रांग आजही उभी आहे, ‘किपलिंग टेरेस’ नावाने. गंमत म्हणजे पहिले हेडमास्तर कॉर्मेल प्राइस लष्करी माणूस नव्हते. किपलिंगच्या आईच्या माहेरच्या गोतावळ्यातले स्नेही होते, म्हणून पोरगा तिथे गेला. पुढे पैशाची ओढाताण कायमचीच झाली. १९०४ मध्ये शाळा हार्पेन्डनला हलली, मग विंडसरला जाऊन ‘इम्पिरियल सर्व्हिस कॉलेज’ झाली आणि १९४२ मध्ये हेलीबरीत विलीन झाली. हेलीबरीचं पूर्ण नाव ‘हेलीबरी अँड इम्पिरियल सर्व्हिस कॉलेज’ आहे, ते त्यामुळेच. एक मात्र सांभाळा: किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’ या पुस्तकातल्या खोड्या या शाळेवरच बेतलेल्या असल्या तरी त्यात तिखटमीठ भरपूर आहे, इतिहास म्हणून वाचू नका.