वाचक विचारतात : बर्फ वितळला, पण पाणी वाढलंच नाही!

प्रश्न : ध्रुवावरचा बर्फ वितळून समुद्र वाढतो, हे नववीला दाखवायला घमेल्यात पाणी घेऊन बर्फ टाकला. बर्फ विरघळला, खूण जागच्या जागी. मुलं हसली. कुठे चुकलं?
— विज्ञान शिक्षिका, सिन्नर

उत्तर : प्रयोग बरोबर झाला, फक्त तो उत्तर ध्रुवाचा झाला. तरंगता बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. वितळल्यावर त्याचं पाणी तेवढीच जागा भरतं. आर्क्टिक म्हणजे जमिनीनं वेढलेला समुद्र, त्यावर बर्फ तरंगतो. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवरचा बर्फ मात्र जमिनीवर बसलेला आहे. पातळी वाढवतो तो हा बर्फ.

आता दोन डबे घ्या. आरपार दिसणारे, सरळ भिंतींचे, तळ साधारण १० × १५ सेंमी. घमेलं नको, पसरट भांड्यात वाढ झाली तरी डोळ्यांना दिसत नाही. एका डब्यात काळ्या दगडाचे तुकडे रचून पाणी त्यांच्या माथ्यापेक्षा दोन-तीन बोटं खाली ठेवा. दुसऱ्यात नुसतं पाणी, किमान ७ सेंमी खोल. ट्रेमधला २०० ग्रॅम बर्फ एकात दगडांवर, तेवढाच दुसऱ्यात पाण्यात. बर्फ ठेवल्यावर लगेच बाहेरून चिकटपट्टीनं खूण करा. मार्करची खूण डब्याला बाहेरून दव धरलं की पुसली जाते.

तरंगत्या बर्फाच्या डब्यात पातळी हलणार नाही. दगडांच्या डब्यात ती सव्वा सेंमीहून थोडी जास्तच चढेल, कारण दगडांनी जागा खाल्लेली असते. बिघडतं ते तीन ठिकाणी. खूण बर्फ टाकण्याआधी केली, तर तरंगत्या डब्यातही वाढ दिसते आणि सगळा धडा उलटा होतो. पाणी उथळ असेल तर बर्फ तळाला टेकतो, मग तो तरंगता राहतच नाही. आणि दगडाऐवजी विटेचा तुकडा वापरला, तर वीट पाणी पिते.

एखादी चौकस मुलगी म्हणेल, ‘समुद्र तर खारा असतो.’ तिला लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून करू द्या. खारं पाणी जड, त्यामुळे तरंगता गोडा बर्फ वितळल्यावर पातळी किंचित चढते. पण या डब्यात ती वाढ अर्धा मिलिमीटरही भरत नाही.

प्रश्न : मुलगा म्हणतो, ‘नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे, आपल्याला काय त्याचं?’ काय सांगू?
— पालक, इंदिरानगर

उत्तर : आधी मान्य करा की त्याचा हिशेब बरोबर आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा धरला तर आणखी सुमारे ५८. रामकुंडापर्यंत लाट येणार नाही. भीती घातलीत तर तो पुढचं ऐकणार नाही. त्याऐवजी नकाशा उघडा. पिंपळगावची द्राक्षं परदेशी जातात ती न्हावाशेवा बंदरातून, आणि बंदर समुद्रालगतच असतं. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्रात जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, तो त्रिभुज प्रदेश अगदी सखल आहे. तिथे पातळी थोडी वाढली तरी खारं पाणी शेतात आणि विहिरींत शिरतं. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंमी चढला. त्यात वितळलेल्या बर्फाबरोबरच तापून फुगलेल्या पाण्याचाही मोठा वाटा आहे, हेही त्याला सांगा. पुस्तकं ते सहसा विसरतात.

प्रश्न : निफाडला पारा पाच अंशांखाली जातो. मग तापमानवाढ कुठली?
— नववीतला विद्यार्थी, निफाड

उत्तर : एका पहाटेचा पारा म्हणजे हवा, हवामान ठरतं साधारण तीस वर्षांच्या सरासरीवरून. उत्तरेचा कोरडा वारा आणि निरभ्र आकाश असलं की जमीन रात्रभर उष्णता गमावते, आणि अशा पहाटा पुढेही येत राहतील. एका चेंडूवर विकेट पडली म्हणून फलंदाजाची सरासरी ठरत नाही.

प्रश्न : बर्फ कमी झाला की ध्रुव आणखी का तापतो, हे गच्चीवर दाखवता येईल?
— शिकवणी घेणारे, पंचवटी

उत्तर : पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून पांढरा, दुसऱ्याला काळा, चकाकी नसलेला रंग. प्रत्येकी २०० मिली पाणी, वर झाकण, झाकणाच्या भोकातून प्रयोगशाळेचा थर्मामीटर. ताप मोजायचा चालत नाही, तो ३५ अंशांखाली काही दाखवत नाही. सकाळी अकराला उन्हात ठेवा आणि तासभर दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. खाली थर्मोकोल हवाच, नाहीतर तापलेली गच्ची दोन्ही डबे खालून सारखेच तापवते आणि फरक दिसेनासा होतो. थर्मामीटरचं टोक तळाला टेकू देऊ नका. वाऱ्याचा दिवस टाळा.

काळ्या डब्यातलं पाणी जास्त तापेल. पांढरा डबा म्हणजे बर्फ, काळा म्हणजे उघडा समुद्र. ताजा बर्फ ऊन बहुतांशी परत धाडतो, उघडा समुद्र ९० टक्क्यांहून जास्त गिळतो. बर्फाची जागा पाण्यानं घेतली की तापणं वाढतं, तापलं की आणखी बर्फ जातो. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला, त्याचं हे एक कारण.

प्रश्न : ओझोनच्या भोकातून उष्णता आत येते, म्हणून अंटार्क्टिका वितळतो ना?
— वाचक, सिडको

उत्तर : नाही. ते भोक पाडलं ते फ्रीज आणि स्प्रेमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बननं, आणि त्यातून वाढतात अतिनील किरण. तापमानवाढीला मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून वाढलेला कार्बन डायऑक्साइड जबाबदार आहे. ओझोनसाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि भोक हळूहळू भरून येतंय. परीक्षेत हे दोन्ही एकाच उत्तरात लिहिलंत तर गुण जातील.